सावलीतली एकदांडी

भंवरकुआं चौकामागील एका गल्लीत आमचे घर आहे. वडिलांनी १९६४ साली ते बांधावयास घेतले, तेव्हा रामबागेतील आप्तेष्ट त्यांस “रानात राहावयास निघालात” असे म्हणत. होळकर महाविद्यालयाची दगडी इमारत तेवढी जवळ होती. बाकी सभोवार काळी माती आणि गव्हाची शेते. आज त्याच चौकात पाऊल ठेवावयास जागा नाही. स्पर्धापरीक्षांचे वर्ग, पुस्तकांची दुकाने, खानावळी, आणि खांद्यावर पिशव्या अडकवून धावणारी निमाड-माळव्यातील हजारो मुले. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. आम्हीही कधीकाळी असेच धावलो होतो.

तक्रार असलीच तर उन्हाची आहे. आमच्या दक्षिणेस आमच्याएवढेच एक बैठे घर होते. ते २०१७ साली विकले गेले आणि वर्षभरात तेथे विद्यार्थ्यांच्या निवासाची पाच मजली इमारत उभी राहिली. इंदूर हे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या काही दिवसांत दुपारी घटकाभर ऊन आमच्या परसात उतरते. एरवी, आणि ज्या हिवाळ्यात ते हवेहवेसे असते त्या हिवाळ्यात तर नक्कीच, सूर्यनारायण त्या पाच मजल्यांच्या पाठीमागून परस्पर निघून जातात. पहिल्या वर्षी मोगरा फुलेनासा झाला. दुसऱ्या वर्षी वृंदावनातील तुळस वाळली. नवी लावली, तीही गेली. जास्वंद नुसती उंच वाढली आणि एका पावसात आडवी झाली.

तुळशीपाठोपाठ आमच्या सौ.ची हाडे दुखू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी असल्याचे सांगितले, गोळ्या दिल्या आणि रोज उन्हात बसावयास सांगितले. ऊन होते गच्चीवर. गच्चीचा जिना लोखंडी, अरुंद आणि उभा, सौ.च्या गुडघ्यांस तो मानवेना. चिरंजीव बंगळूरहून दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगे : “बाबा, इंदुरातच राहा, पण उजेडाचे घर घ्या.” आणि आमचे उत्तरही ठरलेले असे : “आमची मुळे आता इथल्या मातीची झाली आहेत. या वयात उपटलेले झाड दुसरीकडे लागत नाही.” हे वाक्य आम्हांस फार आवडत असे. सौ. त्यावर काही बोलत नसत.

परसातील सर्व झाडे गेल्यावर भिंतीच्या कडेने जे उरले ते आम्ही लावलेले नव्हते. ती एकदांडी होती. कोणी तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. लहानपणी गुडघा फुटला की आजी तिचाच पाला चुरडून जखमेवर बांधीत असे, म्हणून ती आपल्याच मातीची असावी अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. वस्तुतः ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली उपरी. घाणेरी आणि गाजरगवतही त्याच बाजूचे. एकदांडी खरी उन्हाची. रस्त्याच्या कडेला, पडीक जागी, तापल्या खडीतही ती लांब देठावर आपले एकेक फूल उभे करून असते. मग जिथे तुळस जगली नाही तिथे ही कशी जगली?

खाली बसून पाहिले तेव्हा ध्यानी आले की ही रस्त्यावरच्या एकदांडीसारखी दिसतच नाही. पाने रुंद व पातळ, त्यांचे देठ लांबलेले, रंग गडद, अंगावरची लव विरळ. फुले फार थोडी. सौ. म्हणाल्या, “अहो, हिने सावलीची सवय करून घेतली आहे. तुमच्यासारखीच.” आम्ही ‘सवय’ या शब्दापाशी थांबलो.

आमची हयात राज्य शासनाच्या कोषालयांत गेली. परंतु पदवी मात्र वनस्पतिशास्त्राची आहे. होळकर महाविद्यालय हे १८९१ साली स्थापन झालेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही तेथे शिकत असताना एक प्राध्यापक हा शब्द उच्चारू देत नसत. ते विचारीत, “सवय झाली म्हणजे काय झाले? ह्या रोपाने आपला देह बदलला, की त्याचे बीजच बदललेले आहे?” दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण त्या एक नव्हेत. पहिली लवचिकता. एकाच बीजातून उन्हात एक रूप आणि सावलीत दुसरे रूप निघते. आणि ते रूप त्या रोपाबरोबर संपते. दुसरे आनुवंशिक अनुकूलन. सावलीत ज्यांचा निभाव लागला त्यांचेच बी मागे राहिले, ज्यांचा लागला नाही त्यांचे राहिले नाही; असे पिढ्यानपिढ्या होत गेले म्हणजे त्या ठिकाणच्या बीजातच सावली मुरते. मग ते बी उन्हात पेरले तरी सावलीचाच स्वभाव दाखविते.

हा भेद उघड करण्याचा उपाय साधा आहे. उन्हातली आणि सावलीतली अशी दोन्हीकडची रोपे घेऊन दोन्ही प्रकारच्या उजेडात वाढवावी. स्वीडनमध्ये ब्यर्कमान आणि होल्मग्रेन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला असा एक प्रयोग आहे. आपल्या बागांतून पिवळ्या तुऱ्यांची गोल्डनरॉड असते. तिच्याच एका युरोपीय बहिणीची, उघड्या जागेतील आणि गर्द रानातील, रोपे त्यांनी आणली. रानातली रोपे मंद उजेडाचा उपयोग चांगला करीत; परंतु प्रखर उजेडात ठेवताच त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बिघडे. उघड्यावरची रोपे प्रखर उजेडात सुखाने वाढत. एकच जात, पण बीजाने दोन. तेथे ‘सवय’ नव्हती, वारसा होता.

कमी उजेडात जगणे हा मुळात जमाखर्चाचा प्रश्न आहे, आणि तो आम्हांस अधिक जवळचा. पानाला श्वसनासाठी खर्च करावाच लागतो; प्रकाशातून तेवढी तरी जमा झाली पाहिजे. ज्या उजेडात जमा आणि खर्च बरोबर होतात त्याच्या खाली रोप फार दिवस तग धरीत नाही. सावलीचे पान हा खर्च कमी करते. ते पातळ असते, म्हणून बांधणीचा खर्च थोडा. रुंद असते, म्हणून उजेड पकडण्यास पृष्ठभाग अधिक. त्याचे श्वसन मंद असते. उन्हातल्या पानाची कमाई मोठी, पण घरखर्चही मोठा. उजेड आटला की ते कर्जबाजारी होते. आमची तुळस त्या कर्जात गेली.

सावली सावलीतही फरक आहे. हिरवे पान प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते. त्याच्या पलीकडचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा अतितांबडा भाग मात्र खाली झिरपू देते. म्हणून झाडाखालच्या सावलीत अतितांबड्याचे प्रमाण वाढते. हे प्रमाण ओळखणारे एक द्रव्य वनस्पतींत असते, त्यास फायटोक्रोम म्हणतात. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५२ साली सॅलडच्या पाल्याच्या बियांवर तांबडा आणि अतितांबडा प्रकाश आळीपाळीने टाकून त्याचा माग काढला. तांबड्याने बी उगवे, अतितांबड्याने थांबे. शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर निकाल. या द्रव्याच्या योगे रोपास ‘शेजारी कोणी हिरवे उभे आहे’ अशी वर्दी मिळते आणि उन्हाची रोपे घाईने उंच होऊ लागतात. भिंतीच्या सावलीत ही वर्दी नसते. तेथे उजेड कमी असतो, इतकेच. झाड शेजाऱ्यास ओळखते. सिमेंटास ओळखण्याची सोय त्याच्या पूर्वजांना कधी करावी लागली नाही.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आमची बारा वर्षांची नात महिनाभर राहावयास आली होती. बंगळूरच्या शाळेत तिला मराठी नाही. आमच्याशी ती मराठीत सुरुवात करी आणि अर्ध्या वाक्यात इंग्रजीच्या आश्रयास जाई. प्राध्यापकांचा तो जुना प्रश्न तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, मग पेरून बघू या ना!” चाळीस वर्षांत आम्हांस जे सुचले नव्हते ते तिला एका क्षणात सुचले.

परसातील भिंतीकडचे बी वेचले, चौकाजवळच्या उन्हातल्या एकदांडीचे बी वेचले. प्रत्येकी आठ कुंड्या केल्या. नात लगेच अर्ध्या गच्चीवर आणि अर्ध्या परसात ठेवावयास निघाली. तिला आम्ही थांबविले. सावलीतल्या आईचे बी बहुधा हलके असते, तिच्याकडून लेकरास शिदोरी कमी मिळते. तेव्हा पहिल्या पिढीत काही फरक दिसला तरी तो बीजाचा की शिदोरीचा, हे कळत नाही. म्हणून पहिली पिढी सर्वच्या सर्व एकाच उन्हात वाढवावी, तिचे बी धरावे, आणि तुलना दुसऱ्या पिढीत करावी. “म्हणजे आजीकडून आलेले तेवढे मोजायचे, आईने दिलेले नाही,” असा तिने त्याचा अर्थ लावला. तो चुकीचा नव्हता.

मे महिन्यात सोळाही कुंड्या गच्चीवर ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे आमच्याकडे आले. पहिले काही आठवडे सावलीकडची रोपे खरोखरच जरा अशक्त होती आणि आम्ही मनात आनंदलो. जुलैत त्यांचे बी धरले, पुन्हा पेरले. या वेळी दोन्ही घराण्यांच्या चार-चार कुंड्या गच्चीवर आणि चार-चार परसात. दिवाळीस नात आली तेव्हा तिने पट्टी घेऊन देठ मोजले, प्रत्येक फुलाखाली दोरा बांधून फुले मोजली आणि वहीत दोन रकाने आखले.

निकाल सांगावयास एक वाक्य पुरे. गच्चीवर दोन्ही घराणी सारखीच ठेंगणी, जाड पानांची आणि फुलांनी भरलेली होती. परसात दोन्ही सारखीच लांबट, पातळ पानांची आणि जेमतेम फुललेली. भिंतीकडचे बी उन्हात गेल्यावर त्याला उन्हाचे काहीच विस्मरण झालेले नव्हते. आमच्या कुंड्यांस कोणी शास्त्रीय प्रयोग म्हणू नये. थोड्या रोपांत बारीकसारीक फरक लपून राहतात. पण सौ.च्या शब्दांत सांगावयाचे तर एकदांडीने सावलीची सवय ‘करून घेतली’ होती, ती तिच्या बीजात उतरली नव्हती.

ती उतरलीही कशी असती? इमारत उभी राहून तेव्हा पुरती पाच वर्षे झाली नव्हती. आणि तेवढ्याही काळात सावलीत टिकलेल्या बीजास एकांत मिळाला नाही. एकदांडीच्या बीस केसांची छत्री असते. चौकातले बी दर ऋतूत वाऱ्यावर भिंत ओलांडून परसात येते आणि इथल्या वंशात मिसळते. बाहेरच्या बीजाचा ओघ मोठा असला की थोड्याशा सावलीने केलेली निवड पुसली जाते.

याचा अर्थ उपऱ्या वनस्पतींचे बीज बदलतच नाही असा नव्हे. पोर्सेलिनची भांडी बांधताना भरावयाच्या गवतातून आशियाचे एक गवत अमेरिकेस गेले असावे असे मानतात; १९१९ साली ते टेनेसी राज्यात प्रथम आढळले. मायक्रोस्टेजियम हे त्याचे नाव. ज्वारी आणि ऊस ज्या उन्हाळू पद्धतीने अन्न करतात तीच त्याची पद्धत, तरी ते गर्द रानाच्या तळाशी वाढून बी धरते आणि आज तेथील वनांस मोठी डोकेदुखी झाले आहे. त्याचे मायदेश पूर्व आशियापासून आपल्या भारतापर्यंत पसरलेले आहेत. उपरे काही नेहमी दुसऱ्यांकडूनच येतात असे नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कुटूच्या कुळातील एक आशियाई तण, पर्सिकारिया, अमेरिकेत गेले ते दीर्घकाळ सावलीच्या, ओलसर जागांतच राहिले. पुढे ते उघड्या उन्हात शिरू लागले. सोनिया सुल्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशी त्याच तणाचे १९९४ साली गोळा केलेले बी होते. २००५ साली त्यांनी त्याच ठिकाणांचे बी पुन्हा आणले आणि पूर्वज व वंशज एकाच वेळी, एकाच परिस्थितीत वाढविले. उन्हात आणि कोरड्या मातीत वंशजांनी पूर्वजांपेक्षा अधिक बी धरले. अकरा वर्षांत बीज बदलले होते! त्याचा निर्णय २०१३ साली प्रसिद्ध झाला. बदलाची दिशा आमच्या परसाच्या उलट, सावलीकडून उन्हाकडे; पण न्याय तोच. आणि त्यांच्या बीजात जे बदलले ते एखादे ठराविक रूप नव्हते. परिस्थितीप्रमाणे रूप बदलण्याची ताकदच वाढली होती. लवचिकताही वारशाने येते, हे आमच्या प्राध्यापकांनी तेव्हा सांगितले होते की नाही ते स्मरत नाही. आम्ही तरी ऐकले नव्हते.

आणि अशी निवड होण्यास भांडवल लागते. एकाच बीजाची प्रजा कितीही वाढली तरी तीत निवडावयाचे काय? घाणेरीचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. अविक राय आणि सुहेल कादर यांनी २०१४ साली भारतभरच्या घाणेरीची आनुवंशिक पाहणी प्रसिद्ध केली. तीतून दिसले ते असे की ती एकदाच आलेली नाही. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या वाणांनी आली आणि इथे परस्परांत मिसळली. आज वाघांच्या अधिवासातील चाळीस टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात ती आहे. तरी गर्द, न तोडलेल्या रानाच्या सावलीत तिचे फारसे चालत नाही; झाडे विरळ झाली की ती शिरते. राळामंडळच्या टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यांनी हे स्वतः पाहावे : जिथे छत्र दाट तिथे घाणेरी किडकिडीत, जिथे वाटेने उजेड उघडला तिथे तिची भिंत. रानाची सावली हा रानाचा बंदोबस्त आहे.

आपणही या मुलखात उपरेच. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदुरास आली, त्यानंतर कारकुनी करावयास आमचे खापरपणजोबा वाईकडून आले. पुढे कोणी पुण्याहून, कोणी नागपुराहून, कोणी कोकणातून, असे निरनिराळ्या वेळी येत राहिले. माणूस म्हणजे तण नव्हे, आणि वनस्पतींवरून माणसांचे निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्या वाटेने जगात पुष्कळ अनर्थ झाले आहेत. तेव्हा येथे निष्कर्ष एकाच माणसापुरता, स्वतःपुरता काढतो.

“आमची मुळे आता इथल्या मातीची झाली” हे आमचे आवडते वाक्य खोटे होते. आमच्या कोणत्याही बीजात भंवरकुआं मुरलेले नाही, आणि त्या परसाची सावली तर मुळीच नाही. वडील रामबागेचा वाडा सोडून रानात आले तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. येथे ते फुलले. आम्हांस येथून हलता येत नाही, हे खरे नव्हते. आम्हांस हलावयाचे नव्हते, हे खरे होते. आणि या न हलण्याचा खर्च आमच्या खात्यावर पडतच नव्हता. तो सौ.च्या हाडांतून चार वर्षे वजा होत होता, आणि जन्मभर दुसऱ्यांची देयके तपासणाऱ्या माणसाने ती नोंद पाहिली नव्हती.

दिवाळीच्या पाडव्यास ओवाळणी झाल्यावर आम्ही त्यांस हे सांगितले. जरा भाषण झाले, स्वीडनही आले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, एवढ्या सोळा कुंड्या कशाला लावायच्या? मला विचारले असते तरी सांगितले असते.”

२०२३ च्या अक्षय्य तृतीयेस आम्ही सुदामानगरातील तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो. इमारतीस लिफ्ट आहे आणि सज्जा पूर्वेचा. तुळस आधी नेली. ती पहिल्याच पावसाळ्यात हातभर झाली. सौ. सकाळी पोळ्या झाल्या की तेथे पाठीवर ऊन घेत बसतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेतच. सर्व श्रेय उन्हास देण्याइतके आम्ही आता भाबडे राहिलो नाही. भंवरकुआंच्या घरात चार विद्यार्थी भाड्याने राहतात. भाडे घ्यावयास जातो तेव्हा परसात डोकावतो. एकदांडी आहे.

नातीने त्या दिवाळीस जाताना दोन्ही घराण्यांचे बी कागदी पाकिटांत भरून आमच्या स्वाधीन केले. सुल्तानबाईंची गोष्ट तिच्या मनात बसली होती. पाकिटे नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून शीतकपाटात ठेवावी अशी तिची आज्ञा आहे. २०३३ साली परसातले ताजे बी आणून दोन्ही शेजारी पेरावयाचे ठरले आहे. तोवर आम्ही असू-नसू, म्हणून पाकिटावर सर्व लिहून ठेव, असे आम्ही म्हणालो. तिने लिहिले, मराठीत. ‘भिंतीकडचे’ या शब्दातली वेलांटी चुकली आहे. आम्ही ती दुरुस्त केली नाही.